कूलर एक, घड्याळं दोन

मे महिन्यात नागपुरातल्या पुष्कळ घरांत निजायची खोली एकच उरते. घर टू बीएचके असो की थ्री, रात्री सगळ्यांच्या गाद्या हॉलमध्ये, खिडकीतल्या कूलरपुढे. आमच्याकडेही तेच. भिंतीकडे सासूबाई, मग मी, मग हे, आणि थेट वाऱ्याच्या झोतात आमचा पोट्टा. वय पंधरा, यंदा दहावी. साडेदहाला दिवा बंद होतो. अकराला सासूबाई घोरू लागतात. साडेअकराला चादरीखाली निळसर उजेड दिसतो आणि मी अंधारातच विचारते, "झोपला का रे?" उत्तर ठरलेलं असतं, "झोप येऊन नाही राहिली."

सकाळी सहाला नाटक उलटं. उन्हाच्या आधी आटोपावं म्हणून क्लासची उन्हाळी बॅच सातची. मी तीन हाका मारते, पोट्टा हलत नाही. चौथ्या हाकेला सासूबाई जाग्या होतात आणि त्यांच्या काळी पाचला उठून नळाचं पाणी कसं भरावं लागे ते सांगतात. ह्यांचा इलाज एका वाक्याचा: "मोबाइल काढून घे, सगळं सुतासारखं सरळ होते."

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे माझी पंचाईत अशी, की पोट्टा खोटं बोलत नाही हे मला माहीत असतं.

मेंदूच्या आत खोलवर पिनियल नावाची इवलीशी ग्रंथी असते. संध्याकाळ उलटली, की ती मेलाटोनिन हे संप्रेरक रक्तात सोडू लागते. शरीराला रात्र झाल्याची ती वर्दी. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्केडन यांनी १९९०च्या दशकात दाखवलं, की मूल वयात येऊ लागलं की ही वर्दीच उशिरा पोचते. कुणाला तासाभराने, कुणाला दोन तासांनीही. शिवाय दिवसभर जागं राहिल्यावर झोपेचा जो दाब साठत जातो, तो या वयात हळू साठतो. दहा वर्षांचं लेकरू ताटावर बसल्या बसल्या पेंगतं आणि तेच पाच वर्षांनी रात्री अकराला टवटवीत दिसतं, ते यामुळे. म्युनिकच्या टिल रोनेबर्ग यांनी २००४ साली हजारो लोकांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा मांडून पाहिल्या. झोपेची वेळ किशोरवयात पुढे पुढे सरकत जाते, विशीच्या आसपास टोकाला पोचते, मुलींची थोडी आधी, मुलांची थोडी नंतर, आणि मग मागे फिरते. किशोरवय संपल्याची जीवशास्त्रीय खूण हीच मानावी, असंही त्यांनी सुचवलं. मतदानाच्या वयापेक्षा मला ही खूण जास्त पटते.

मोबाइल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पडद्याचा उजेड मेलाटोनिन आणखी मागे ढकलतो आणि व्हिडिओ बघणारा माणूस कोणत्याही वयात झोपत नाही. पण वयात येणाऱ्या माकडांत आणि उंदरांतही वेळेची अशी सरकासरक दिसली आहे. त्यांच्याकडे मोबाइल नसतो, हे मी ह्यांना सांगून पाहिलं. ह्यांनी पेपर डोळ्यांपुढे धरला.

त्यात आपलं गाव नागपूर. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं खाली यावं लागतं. हातापायांच्या कातडीतून उष्णता बाहेर पडते तेव्हा ते येतं. दिवसा ४५ अंश आणि मध्यरात्रीही भिंती गरम, अशा वेळी ती उष्णता जाणार कुठे? म्हणून कूलर. पण उन्हाचा आणखी एक परिणाम आहे, तो आपल्या लक्षात येत नाही. ऊन अख्ख्या शहराला पहाटेकडे ढकलतं. भाजीबाजार, फिरणं, क्लास, सगळं नऊच्या आत. शरीर पोट्ट्याला मध्यरात्रीकडे ढकलत असताना गाव त्याला पहाटेकडे ओढतं. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप हवी, असं झोपेचे वैद्य सांगतात. बाराला डोळा लागला आणि सहाला उठवलं, तर हिशेब कुणीही करावा.

आणि आपल्या राज्यातली गंमत पाहा. शाळा उशिरा भरवाव्यात ही चर्चा झाली, तेव्हा २०२४च्या फेब्रुवारीत निर्णय निघाला तो पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी: नऊच्या आधी भरवू नका. लहानग्यांची दया आली ते चांगलंच झालं. पण सात वर्षांचं पोर तसंही सहाला उठून घर डोक्यावर घेतं. उशिराची खरी गरज आठवी-नववी-दहावीच्या पोट्ट्यांना आहे आणि नेमकी त्यांचीच व्हॅन साडेसहाला दारात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली सांगितलं, की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत. कॅलिफोर्नियात २०२२पासून हायस्कुलांपुरता तो कायदाच लागू झाला.

घड्याळाचं भांडण असं निदान समजून तरी घेता येतं. कूलरच्या पाण्याचं भांडण त्याहून खोल जातं.

आमच्या कूलरला नळजोड नाही. टाकी बादलीने भरावी लागते आणि ते काम पोट्ट्याकडे आहे. मी संध्याकाळी सहाला म्हणते, "टाकी भर." तो म्हणतो, "भरतो ना." साडेसातला टाकी कोरडी, कूलरच्या गवताच्या ताट्या वाळलेल्या, हॉलमध्ये गरम वारा. माझा आवाज चढतो. तो म्हणतो, "भरतो म्हटलं होतं ना. आत्ताच भरायची असं कुठं ठरलं होतं?" मग गाडी टाकीवरून ओल्या टॉवेलवर, टॉवेलवरून केसांवर, केसांवरून मार्कांवर. दहा मिनिटांत आम्ही त्याच्या आयुष्याचं वाटोळं होण्यापर्यंत पोचलेलो असतो. टाकी कोरडी ती कोरडीच.

ज्युडिथ स्मेटाना या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा भांडणांचा बारकाईने अभ्यास केला. आईबापांना आणि मुलांना त्यांनी वेगवेगळं बसवून विचारलं, की हा वाद नक्की कशाचा? आईबाप म्हणाले शिस्तीचा, घराच्या रीतीचा, तब्येतीचा. तोच वाद मुलांच्या लेखी होता 'माझ्या गोष्टीचा'. माझी खोली, माझे केस, माझी वेळ. घरातल्या एकाच वस्तूचा सातबारा दोघांच्याही नावावर निघावा, तसं हे प्रकरण. चोरी करू नये, कुणाला मारू नये, यावर वाद जवळजवळ नसतात. तिथे आईबापांचा अधिकार मुलं निमूट मानतात. हाँगकाँगमध्ये, जिथे वडीलधाऱ्यांचा मान फार, तिथेही असंच निघालं: रोजच्या बारीकसारीक गोष्टी, आणि त्या 'माझ्या' असल्याचा मुलांचा दावा. म्हणजे हे 'पाश्चात्त्यांचं खूळ' नाही, हे सासूबाईंसाठी नोंदवून ठेवते.

या चष्म्यातून पाहिलं, तर टाकी भरण्याला आमच्या पोट्ट्याचा विरोध कधीच नव्हता. तंटा 'कधी' या शब्दावर होता. माझ्या मते टाकी घराची, म्हणून वेळही घराची. त्याच्या मते काम घराचं, वेळ त्याची. आता आमचा करार आहे, सव्वासातच्या आत केव्हाही. आठवड्यातून पाच दिवस तो पाळला जातो. उरलेल्या दोन दिवसांबद्दल मी बोलत नाही. अगदी खरं सांगायचं तर बोलते, पण केसांपर्यंत जात नाही.

किशोरवय म्हणजे वादळ, ही कल्पना तशी जुनी. स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली ती ठासून मांडली आणि ती लोकांच्या डोक्यात बसली. पण मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली इंग्लंडजवळच्या वाइट बेटावरच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची पाहणी छापली, तेव्हा बहुतेक घरांत मुलं आणि आईबाप दुरावलेले नव्हतेच. कुरबुरी होत्या, फारकत नव्हती. पुढे १९९८ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब निघाला, तेव्हा दिसलं की भांडणांची संख्या लहान किशोरवयात सर्वांत जास्त असते आणि पुढे कमी होत जाते. तिखटपणा मात्र मधल्या वर्षांत वाढतो. बाराव्या वर्षी रोजची किरकिर, पंधराव्या वर्षी आठवड्यातून एकदा, पण दार आपटून.

एका गोष्टीबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मध्येच बोलून घेते. संप्रेरकांची उलथापालथ घरात एकट्या मुलाचीच चाललेली नसते. भारतीय बायकांची पाळी जाण्याचं सरासरी वय छेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे. त्याच्या आधीची काही वर्षं रात्री घाम फुटणं, झोप मोडणं, चिडचिड, हे सगळं असतं. तिशीत मूल झालेल्या बाईची ही वर्षं आणि तिच्या मुलाची दहावी अगदी गळ्यात गळा घालून येतात. रात्री दोनला कूलरपुढे कोण जागं असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

आता मेंदू. १९९९ साली जे गीड आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूंच्या वर्षानुवर्षे घेतलेल्या एमआरआय चित्रांवरून दाखवलं, की कपाळामागच्या भागातला करडा पदार्थ अकरा-बाराव्या वर्षापर्यंत वाढतो आणि मग कमी होऊ लागतो. संत्र्याच्या झाडाची वाळकी, दाटीवाटीची फांदी छाटतात तशीच काहीशी ही छाटणी. बेत आखणं, मन आवरणं ही कामं बघणारा हा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. यावरून 'पोट्ट्यांचा मेंदू कच्चा' असं म्हणायची फॅशन आली आहे, ती मला आवडत नाही. कच्चा मेंदू बुद्धिबळात बापाला हरवत नाही. सोबत कोण आहे, यावर या वयात फार काही ठरतं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली किशोरांना, तरुणांना आणि प्रौढांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. दोस्त बघत असले की तेरा ते सोळा वयाची मुलं जास्त धोका पत्करत, प्रौढांना फरक पडत नसे. पुढे इव्हा टेल्झर यांनी तशाच खेळात आईला बघत बसवलं, तर मुलं जास्त जपून खेळली. एरवी ज्या आईशी धड बोलत नाहीत, तिच्या नुसत्या असण्याने.

तिचा आवाज मात्र वेगळी गोष्ट. स्टॅनफर्डच्या डॅनियल एब्रम्स आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना आईच्या आणि अनोळखी बायकांच्या आवाजात काही निरर्थक शब्द ऐकवले. बारा वर्षांखालच्या मुलांत आईचा आवाज आला की मेंदूतली बक्षिसाची केंद्रं उजळत. मोठ्या मुलांत ती अनोळखी आवाजाला जास्त उजळली. आईचा आवाज ती ओळखत होती, जवळजवळ प्रत्येक वेळी अचूक. म्हणजे "टाकी भर" हे ऐकू जातं, यात शंका नाही. फक्त जगात आता नवे आवाज जास्त मोलाचे झालेत. जे पोरगं उद्या पुण्या-बंगळुरात अनोळखी माणसांत राहणार आहे, त्याच्या मेंदूने ही तयारी करणं रास्तच म्हणायला हवं. वाचल्यावर मला तरी जरा लागलंच.

राहता राहिली पाळत. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या आया फोनवर पोरांचं लाइव्ह लोकेशन बघत असतात. मीही बघत असे. ठिपका क्लासमध्ये, ठिपका धरमपेठेत, ठिपका फुटाळा तलावावर. हाकान स्टॅटिन आणि मार्गरेट केर यांनी २००० साली स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या सातशेहून जास्त मुलांच्या घरी विचारपूस केली, की आईबापांना मुलाबद्दल जे माहीत असतं, ते येतं कुठून? खोदून विचारल्याने, नियम लावल्याने, की मुलाने आपणहून सांगितल्याने? मोठा वाटा निघाला आपणहून सांगण्याचा. ज्या मुलांना आपल्यावर सारखा पहारा आहे असं वाटे, त्यांचं तर उलट ठीक चाललेलं नव्हतं. या निष्कर्षावर नंतर वाद झाले. नियम अगदीच निरुपयोगी नसतात, असं इतरांनी दाखवलं, आणि तेही खरं असावं. पण फुटाळ्यावरचा ठिपका मला कधीच सांगू शकला नसता, की त्या दिवशी पोट्टा तिथे एकटाच बसला होता.

ते मला टाकीने सांगितलं. गेल्या आठवड्यात रात्री सव्वाबाराला कूलरचा पंप कोरडा पडून घरघरू लागला. करार मोडला होता. मी उठले, तोही उठला, आणि दिवा न लावता आम्ही बाथरूममधून बादल्या आणू लागलो. मी भरून देत होते, तो ओतत होता. तिसऱ्या बादलीला म्हणाला, "त्या लोकांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं." मी "हं" म्हटलं. चौथ्या बादलीला कुणी काढलं ते कळलं, पाचवीला का काढलं ते. जिभेवर आलेले तीन उपदेश मी बादलीबरोबर त्याच्या हातात न देता आतच ठेवले. तो बोलत होता आणि ओतत होता, टाकी कधीच भरली होती, पाणी खिडकीखालच्या फरशीवरून वाहत गाद्यांकडे निघालं होतं आणि आमच्या दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

"अगं, पाणी सांडून राहिलं ना," भिंतीकडून सासूबाई म्हणाल्या.