गिनी पिगच्या पिल्लांचं खाणंपिणं

गिनी पिगच्या पिल्लाला जन्मल्यापासून साधारण सहा महिन्यांचं होईपर्यंत काय, किती आणि मुख्य म्हणजे किती प्रकारचं खायला घालायचं, त्याची ही नोंद. प्राणी नावाप्रमाणे ना गिनीतला ना डुक्कर, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा, कुरतडणाऱ्यांच्या जातीतला, आणि पेरू-बोलिव्हियाकडे माणसांनी तो हजारो वर्षांपासून पाळलाय (तिकडे खाण्यासाठी, ते असो). पुण्यात तो आता फ्लॅटमधल्या बाल्कनीत आणि पोरांच्या खोलीत आढळतो, आणि बऱ्याचदा पिल्लं होतात ती ठरवून नाहीच, दुकानदाराने ‘दोन्ही फिमेल आहेत’ म्हणून दिलेली जोडी घरी येते आणि दोन-अडीच महिन्यांनी सकाळी पिंजऱ्यात दोनाच्या पाच झालेल्या असतात.

ही पिल्लं मांजरीच्या पिल्लांसारखी डोळे मिटलेली किंवा उंदराच्या पिल्लांसारखी उघडीनागडी नसतात. मादी साधारण 59 ते 72 दिवस गाभण राहते, म्हणजे एवढ्याशा प्राण्याच्या मानाने बराच काळ, त्यामुळे पिल्लू जन्मतं तेच अंगभर केस, उघडे डोळे आणि तोंडात दात घेऊन, आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच आईच्या शेजारी बसून गवताची काडी चघळायला लागतं. दूध साधारण तीन आठवडे पितं. पण आईला सड दोनच असतात, आणि पिल्लं चार झाली तर धाकटं मागे पडतं, म्हणून पहिल्या दिवसापासून गवत आणि पाणी पिल्लाच्या उंचीला ठेवायचं. पाण्याची बाटली मोठ्यांच्या उंचीला अडकवलेली असते आणि पिल्लाला ती पुरतच नाही, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. आणि हो, तीन आठवड्यांनी नर पिल्लं आईपासून आणि बहिणींपासून वेगळी करा, नाहीतर पुढच्या खेपेला पिंजरा पुरायचा नाही.

आता या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाचं काय ते आधीच सांगतो. गिनी पिगची जीभ लहानपणीच ठरते. पहिल्या काही महिन्यांत जे तोंडाला लागलं तेच त्याच्या लेखी अन्न, बाकीचं सगळं कचरा. त्यामुळे नुसत्या काकडी-गाजरावर वाढवलेलं पिल्लू पुढे आजारी पडलं, किंवा नेहमीच्या कंपनीच्या पेलेट्स (दुकानात मिळणाऱ्या तयार कोरड्या खाण्याच्या गोळ्या) बाजारातून गायब झाल्या, की उपाशी बसतं पण नवीन काही खात नाही, आणि या प्राण्याचं पोट उपाशी राहणं सहन करत नाही, आतड्याची हालचाल थांबली की जिवावर बेततं. आमच्याकडे कोथरूडहून आलेलं दोन महिन्यांचं एक पिल्लू होतं, आधीच्या घरी काकडी आणि पेलेट्स सोडून काही पाहिलेलंच नाही. सिमला मिरचीचा तुकडा समोर ठेवला की त्यावरून पाय देऊन पलीकडे जायचं. रोज ठेवायचो, रोज सुकलेला उचलायचो. अकराव्या दिवशी आमच्याकडच्या मोठ्या मादीने तो तुकडा त्याच्या नाकासमोरून पळवला तेव्हा कुठे याला वाटलं की अरे, हे खायचं असतं वाटतं, आणि मग दोघांची ओढाताण. पिल्लं एकमेकांचं, आणि त्याहून जास्त आईचं, बघून खायला शिकतात. म्हणून आई जे खाते ते तिच्या तोंडातून ओढायला मिळू द्या, त्यासारखी शाळा नाही.

खाण्यात पहिला नंबर गवताचा, म्हणजे वाळलेल्या गवताचा, आणि ते चोवीस तास समोर हवं. गिनी पिगचे सगळेच दात, पुढचे आणि दाढा, आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत आडवं दळताना ते झिजतात. नाही झिजले तर खालच्या दाढा आत वळून जिभेवर कमान धरतात आणि समोर ताट असून प्राण्याला गिळता येत नाही. शिवाय आतडं चालू राहतं ते गवतातल्या चोथ्यावरच. परदेशी टिमथी गवताची पाकिटं ऑनलाइन मिळतात, महाग पडतात पण चांगली असतात. पिल्लांना मात्र सहा महिन्यांपर्यंत सोबत लसूणघासही चालते, म्हणजे तेच ते आल्फाल्फा, गवळ्याकडे किंवा चाऱ्याच्या दुकानात याच नावाने मिळतं. नावात लसूण असली तरी लसणाशी संबंध नाही (लसूण गिनी पिगला अजिबात चालत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं). त्यात प्रोटीन आणि कॅल्शियम जास्त, वाढत्या हाडांना आणि गाभण किंवा पाजणाऱ्या आईला उपयोगी. सहा महिन्यांनंतर तेच कॅल्शियम मूत्राशयात खडे करतं, म्हणून हळूहळू, आठवडा-दोन आठवडे मिसळत मिसळत साध्या गवतावर आणायचं. लसूणघास हिरवी मिळाली तर ढीगभर टाकू नका, पोट फुगतं, सावलीत वाळवून घाला.

ज्वारीचा कडबा घालू का, असं गावाकडचे लोक हमखास विचारतात. जनावरांना वाळलेला कडबा चालतो, पण कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं आणि गुरंसुद्धा दगावतात हे कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असतं, तर अर्धा किलोच्या जिवावर प्रयोग कशाला.

पुण्याच्या माणसाला एक सोय अशी की दूर्वा. सारसबागेबाहेर, मंडईत, कुठल्याही गणपतीच्या देवळापाशी जुड्या मिळतात, आणि दूर्वा म्हणजे हरळीचं गवतच, गिनी पिग त्यासाठी वेडे होतात. पण एकवीस काड्यांची जुडी म्हणजे पोटभर चारा नव्हे, ती कोशिंबीर समजा. कुठून खुडली, फवारणी होती का, कुत्री फिरली होती का काही कळत नाही, तेव्हा दोन-तीन पाण्यातून धुवून, निथळून घाला. सोसायटीच्या लॉनवर मशीन फिरल्यावर जो ढीग पडतो तो मात्र नको, कापलेलं गवत ढिगात गरम होऊन आंबायला लागतं.

आता व्हिटॅमिन सी. माणसासारखंच गिनी पिगच्या शरीरात हे तयार होत नाही, त्यासाठी लागणारं एक एन्झाइमच नाही, त्यामुळे रोज खाण्यातून द्यावं लागतं. 1907 साली नॉर्वेत अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक हे दोघं खलाशांच्या बेरीबेरीसारख्या आजारावर काम करत होते, त्यांनी गिनी पिगना नुसतं धान्य आणि पाव खायला घातला आणि त्यांना बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही, म्हणजे सी कमी पडून होणारा आजार, झाला. उंदीर घेतले असते तर काहीच झालं नसतं, कारण उंदीर स्वतःचं सी स्वतः बनवतो. व्हिटॅमिन सी सापडण्याच्या वाटेवरचा हा मोठा टप्पा, आणि आपल्या कामाचा अर्थ एवढाच की पोळीचा तुकडा आणि भिजवलेले तांदूळ देऊन ‘आमचा सगळं खातो’ म्हणणाऱ्या घरात नकळत तोच प्रयोग चालू असतो. लक्षणं दोन-तीन आठवड्यांत दिसायला लागतात, केस राठ होतात, सांधे सुजतात, पिल्लू लंगडतं, उचललं की दुखून ओरडतं, हिरड्यांतून रक्त येतं.

गरज किती? मोठ्याला वजनाच्या किलोमागे रोज साधारण 10 मिलिग्रॅम, वाढत्या पिल्लाला आणि गाभण मादीला 30 पर्यंत. म्हणजे पाव किलोच्या पिल्लाला सात-आठ मिलिग्रॅम. हिरव्या सिमला मिरचीत 100 ग्रॅमला साधारण 80 मिलिग्रॅम असतं, म्हणजे दहा ग्रॅमची एक फोड झाली की दिवसाचं काम झालं. पेरूत याच्या दुपटीहून जास्त, पण साखरही आहे म्हणून आठवड्यातून एक-दोनदा नखाएवढा तुकडा. आवळा भरपूर सीवाला, पण आंबट, बहुतेक पिल्लं तोंड वाकडं करतात, एखादं आवडीने खातं, त्याला किसाचे चार कण पुरे. आवळा कँडी नाही. पाण्यात थेंब टाकायचे ते पण करू नका, उजेडात आणि पाण्यात सी टिकत नाही, वर चव बदलली म्हणून पिल्लू पाणीच पीत नाही.

भाज्या रोज, मोठ्याला दिवसाला साधारण वाटीभर आणि पिल्लाला त्याहून कमी, तीन-चार प्रकारच्या मिळून. कोथिंबीर, सिमला मिरची, लेट्यूस (बर्फासारखं पांढरं असतं ते नको, त्यात पाण्याशिवाय फारसं काही नाही), काकडी, गाजराची चकती अधूनमधून, फ्लॉवरचं एखादं पान, मुळ्याचा थोडा पाला. पालक आणि चुक्यात ऑक्झॅलेट (खडे व्हायला कारण ठरणारा घटक) जास्त, तेव्हा कधीतरीच. कोबीने गॅस होतो. नवीन भाजी एका वेळी एकच, दोन-तीन दिवस थोडी थोडी, आणि लेंड्यांकडे लक्ष, मऊ झाल्या तर थांबा. बाकी मंडईत संध्याकाळी उरलेला पाला स्वस्तात मिळतो खरा पण कोमेजलेला, चिकट झालेला आणू नका, ताज्या जुडीतलंच चार काड्या द्या. भाजी आली हे त्यांना फ्रिजच्या दाराच्या आवाजावरून कळतं, ‘व्हीक व्हीक’ असा जो गजर सुरू होतो तो समोरच्या फ्लॅटमध्ये ऐकू जातो.

पावसाळ्यात सिंहगडावर किंवा कोपऱ्यावरच्या गाडीवर कणीस खाल्लंत तर हिरवी सालं आणि रेशमासारखे केस मागून घ्या, गाडीवाला आनंदाने देतो, आणि पिल्लं ती सालं नळीसारखी ओढत पिंजराभर पळतात. दाणे नकोत.

पेलेट्समध्ये गोंधळ जास्त होतो. दुकानात सशाचंच खाणं ‘दोघांना चालतं’ म्हणून खपवतात, पण ससा सी स्वतः बनवतो म्हणून त्याच्या खाण्यात ते घातलेलं नसतं. पाकिटावर गिनी पिग लिहिलेलं हवं, बनवल्याची तारीख बघा, साध्या पेलेट्समधलं सी तीन महिन्यांत उतरतं, तेव्हा स्वस्त पडतं म्हणून पाच किलोची गोणी घेऊन वर्षभर पुरवायचा पुणेरी हिशोब इथे चालत नाही. रंगीत दाणे, सूर्यफुलाच्या बिया, सुकामेवा मिसळलेलं पण नको, पिल्लं गोड तेवढं वेचून खातात. सहा महिन्यांपर्यंत पेलेट्स मोजायची गरज नाही, नंतर मोठ्याला दिवसाला दोन टेबलस्पून.

अजिबात नको असं म्हणजे कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटोचा पाला (फळ थोडं चालतं), अॅव्होकॅडो, दूध-दही, पाव, फरसाण, चॉकलेट. ‘एक चकलीचा तुकडा दिला तर काय होतंय’ असं म्हणणारे पाहुणे दिवाळीत येतातच, पिंजऱ्यावर चिठ्ठी लावा. आणि पिल्लू स्वतःच्याच मऊ लेंड्या खाताना दिसलं तर ओरडू नका, त्यातून त्याला बी व्हिटॅमिन्स मिळतात, ती त्याची पचनाची दुसरी फेरी आहे.

औषध हे खाणं नव्हे, पण इथे सांगायलाच हवं. घरातलं अमॉक्सिसिलिन कधीही देऊ नका. पेनिसिलिनच्या जातीची अँटिबायोटिक्स तोंडावाटे दिली तर पोटातले चांगले जंतू मरतात, वाईट वाढतात आणि प्राणी जातो. फक्त कुत्री-मांजरी बघणाऱ्याकडे न जाता अशा लहान प्राण्यांची माहिती असलेला डॉक्टर आधीच शोधून ठेवा, कारण पिल्लू अर्धा दिवस काही खात नसेल तर शोधाशोध करायला वेळ नसतो.

पुण्याची हवा पण बघावी लागते. एप्रिल-मेत पारा चाळीसला टेकतो तेव्हा भाजी तासाभरात मरगळते, सकाळी लवकर आणि संध्याकाळी अशी दोनदा द्या. जुलैत उलटं, गवताच्या पाकिटात ओल शिरते आणि बुरशी धरते, वास कुबट आला किंवा झटकल्यावर धूळ उडाली तर ते सगळं फेकायचं, वरचं काढून खालचं द्यायचं नाही. आम्ही गवत जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून कपाटाच्या वर ठेवतो, हवा खेळती राहते आणि मांजरही पोचत नाही. वजन मात्र दर आठवड्याला किचनच्या वजनकाट्यावर, पिल्लाला डब्यात बसवून, हातात कोथिंबिरीची काडी देऊन, नाहीतर ते डब्यात थांबत नाही. वाढीच्या वयात आकडा पुढे सरकला नाही किंवा मागे आला की खाण्यात किंवा दातात काहीतरी बिघडलंय, आणि ते डोळ्याला दिसायच्या आधी काट्याला दिसतं.