राग फुकट झाला की काय होतं

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सीसीटीव्हीतला एक धूसर फोटो पडतो, खाली एक ओळ, "हा बघा, लिफ्टमध्ये थुंकणारा". आधी अंगठे, मग लाल तोंडाचे इमोजी, मग कुणीतरी विचारतं कुठल्या विंगचा, मग फ्लॅट नंबर येतो, मग ऑफिसचं नाव, आणि रात्रीची जेवणं होईपर्यंत फोटो शेजारच्या सोसायट्यांत फिरून आलेला असतो. तो थुंकला की नुसता खोकला हे तोवर कुणी विचारलेलंच नसतं. आता थुंकणाऱ्याचा राग येणं चूक आहे का? अजिबात नाही. नियम मोडणाऱ्याचा चारचौघांना राग येतो म्हणूनच माणसं एकमेकांना धरून राहतात, असं या विषयातल्या बऱ्याच संशोधकांचं म्हणणं आहे.

२००४ साली झुरिकमध्ये अर्थशास्त्रज्ञ अर्न्स्ट फेर आणि मंडळींनी केलेला एक प्रयोग 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. दोन अनोळखी माणसं, दोघांकडे १०-१० पॉइंट, पॉइंट म्हणजे शेवटी पैसेच. पहिल्याने विश्वासाने आपले १० दुसऱ्याला दिले की त्यांचे चौपट, म्हणजे ४० होतात, दुसऱ्याकडे एकूण ५० जमतात, आणि त्याने निम्मे परत करावेत एवढीच अपेक्षा. तो सगळेच घशात घालतो. मग फसलेल्याला एक मिनिट मिळतं, ह्याला दंड करायचा का ते ठरवायला, आणि तेवढ्यात त्याच्या मेंदूचं पेट (PET) स्कॅनिंग चालू, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते मशीनवर दिसतं. दंडाचा विचार करताना डॉर्सल स्ट्रायटम नावाचा भाग जास्त कामाला लागलेला दिसला, बक्षीस मिळताना लागतो तोच. बदला गोड लागतो हे आपल्याला माहीत होतंच म्हणा, इथे मशीनवरही दिसलं. मला त्याहून इंटरेस्टिंग वाटतं ते पुढचं: एका प्रकारात दंड करायला स्वतःच्या खिशातले पॉइंट घालावे लागत होते, आणि लोक घालत होतेही, पण जरा हात आखडून.

आपलंही तसंच की. एसटी स्टँडवर रांगेत घुसणाऱ्याला टोकायचं तर तो अंगावर येईल, बाजूचे गप्प बसतील, म्हणून आपण दहादा विचार करतो. मोबाईलवर हा खर्चच उरत नाही, वर लाईक मिळतात. मानसशास्त्रज्ञ मॉली क्रॉकेट यांनी २०१७ मध्ये हा मुद्दा मांडला, आणि २०२१ मध्ये विल्यम ब्रॅडी आणि त्यांच्या टीमने ७,३३१ लोकांची १ कोटी २७ लाख ट्वीट तपासली तेव्हा दिसलं की ज्यांच्या संतापाला लाईक आणि शेअर जास्त मिळाले ते पुढे आणखी संतापायला लागले. आणि हे शिकण्यात मवाळ लोकांच्या घोळक्यातले जास्त पटाईत निघाले, कट्टर मंडळी आधीच इतकी तापलेली की त्यांना लाईकने फारसा फरक पडत नव्हता!

बरं, यात प्रत्येकाचा वाटा किती, तर एक कमेंट. स्टॅनफर्डच्या ताकुया सावाओका आणि बेनॉइट मोनिन यांचा २०१८ चा अभ्यास याच गोष्टीवर आहे. एकट्याने खडसावलं की बघणाऱ्यांना तो माणूस बरा वाटतो, पण तसेच बरेच जण तुटून पडलेले दिसले की बघणारे उलट चूक करणाऱ्याचीच कीव करायला लागतात. कमेंट तीच, बेरीज वेगळी. आणि ही बेरीज करायला कुणीच बसलेलं नसतं, कोर्टात निदान शिक्षेची कमाल मर्यादा तरी लिहिलेली असते.

पण म्हणून हे हत्यारच वाईट असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये भारतात 'मी टू' सुरू झालं तेव्हा पत्रकार प्रिया रमाणी आणि इतर बायकांनी एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक छळाचे जाहीर आरोप केले, अकबर यांनी ते नाकारले, रमाणींवर बदनामीचा खटला टाकला, पण केंद्रातलं मंत्रीपद सोडलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने रमाणींना निर्दोष सोडताना सांगितलं की बाईला तिला हव्या त्या व्यासपीठावर, कित्येक वर्षांनीही तक्रार मांडता येते. तेव्हा खुर्चीवरच्या माणसाला खाली उभं राहून प्रश्न विचारायला दुसरी जागा होती कुठे? मात्र तेच हत्यार लिफ्टमधल्या माणसावर चाललं की त्याच्याकडे ना वकील ना प्रवक्ता.

त्यातून माणूसच चुकीचा असला तर? एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर रेडिट या गप्पांच्या वेबसाइटवरच्या हौशी डिटेक्टिव्हांनी फोटो जुळवून एका बेपत्ता विद्यार्थ्याकडे बोट दाखवलं, त्याच्या घरच्यांना नको ते ऐकावं लागलं, आणि त्याचा काहीच संबंध नव्हता. रेडिटने नंतर माफी मागितली.

महाराष्ट्राला हे सगळं नवीन नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्य आपलंच, २०१६ चा सामाजिक बहिष्कार कायदा, तीन वर्षांपर्यंत कैद. पण जातपंचायतीला पंच असतात, नावानिशी पकडता येतात. फॉरवर्ड करणाऱ्यांतला पंच कोण? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती, आणि त्या आधी अशा अफवांचे मेसेज फोनवर फिरत होते.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये खूप फिरून आलेल्या मेसेजसाठी ती एका चॅटवर आली, आणि असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले असं कंपनीनेच सांगितलं. बंदी कसलीच नव्हती, ज्याला पाठवायचंय त्याला एकेक चॅट उघडून अजूनही पाठवता येतंच, फक्त तेवढं बोट जास्त चालवायला बहुतेकांना कंटाळा येतो.