येमेनचा राष्ट्रीय फुटबॉल संघ

अरबी द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील येमेन प्रजासत्ताकाचा प्रातिनिधिक पुरुष संघ. संघ आजच्या रूपात १९९० पासूनचा; मात्र त्याचा इतिहास कुठून मोजायचा याबाबत एकवाक्यता नाही.

२२ मे १९९० रोजी उत्तर आणि दक्षिण येमेन एक झाले. तोवर दोघांचे संघ वेगळे होते. फिफा आजच्या संघाला उत्तरेचा वारस मानते. परिणामी दक्षिणेने १९७६ मध्ये इराणमधील आशिया चषकात घेतलेला सहभाग (इराककडून ०–१, इराणकडून ०–८ असे पराभव) त्याच्या खात्यात येत नाही आणि २०१९ ची स्पर्धा पदार्पणाची ठरते. कारभाराच्या सोयीसाठी हे ठीक. पण इतिहास म्हणून दोन्ही परंपरा एकत्र धरणेच रास्त वाटते. या खेळाचे येमेनमधील जुने केंद्र दक्षिणेतले एडन हेच होय. १८३९ मध्ये ब्रिटिशांनी घेतलेले हे बंदर दीर्घकाळ मुंबई इलाख्यात होते. तेथील अत्-तिलाल क्लबाची स्थापना १९०५ ची सांगतात. ते साल बहुधा त्याच्या पूर्वीच्या क्लबाचे असावे.

सर्वाधिक गोलांचा मान आघाडीपटू अली अन्-नोनो याच्याकडे जातो. सनाच्या अल्-अहली क्लबाच्या या खेळाडूचे आंतरराष्ट्रीय गोल तिसाच्या घरात भरतात. याद्यांमध्ये थोडा फरक आढळतो.

भारताशी गाठ २००२ च्या विश्वचषक पात्रता फेरीत पडली. बंगळूरला १–१, सनाला ३–३ अशी बरोबरी झाली. अखेरीस संयुक्त अरब अमिरातीचे १२ गुण, येमेन व भारताचे प्रत्येकी ११. दोघांचीही वाट एका गुणाने अडली. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्यातील मैत्रीपूर्ण सामना येमेनने ६–३ असा जिंकला.

यादवी युद्धामुळे संघाला ‘घरचे’ सामनेही परदेशी खेळावे लागले. २०१९ च्या आशिया चषकाची अंतिम पात्रता फेरी येमेनने अशीच पार केली: सहा सामने, दोन विजय, चार बरोबरी, पराभव एकही नाही. २७ मार्च २०१८ रोजी दोहात नेपाळवर २–१ असा निर्णायक विजय मिळाला. दोन्ही गोल अब्दुलवासे अल्-मतरीचे. मुख्य स्पर्धेत मात्र इराण, इराक व व्हिएतनामकडून हार झाली आणि एकही गोल झाला नाही.

आखाती चषकात २००३ च्या अखेरीस प्रवेश केल्यानंतर येमेनला पहिला विजय डिसेंबर २०२४ मध्ये कुवेत येथील स्पर्धेत लाभला: बहारीनवर २–१. ती स्पर्धा पुढे बहारीननेच जिंकली.