‘विज्ञान आवडतं’ म्हणजे नेमकं काय? मुलांची विज्ञानविषयक अभिवृत्ती मोजण्यामागचा इतिहास

३० ऑगस्ट १९५७ च्या ‘सायन्स’ या अमेरिकी साप्ताहिकात मार्गारेट मीड आणि रोडा मेट्रो या दोन मानवशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुलामुलींनी लिहिलेले सुमारे ३५,००० छोटे निबंध त्यासाठी गोळा केले होते. मुलांना अर्धवट वाक्य द्यायचं आणि पुढे त्यांनी लिहायचं, अशी पद्धत. एका नमुन्यात शास्त्रज्ञ म्हटलं की मनात काय येतं, असं सर्वसाधारण विचारलं होतं. दुसऱ्या नमुन्यात स्वतःला शास्त्रज्ञ व्हायचंच असेल तर कोणत्या प्रकारचं व्हायला आवडेल असं, आणि तिसऱ्यात कोणत्या प्रकारचं व्हायला आवडणार नाही असं. मुलींना या दोन नमुन्यांत शास्त्रज्ञाशी लग्न करायचं झालं तर, असाही पर्याय होता. त्या काळाच्या समजुतींबद्दल तो पर्यायच पुरेसं सांगून जातो.

निबंधांतून दोन चित्रं निघाली. देशासाठी आणि माणुसकीसाठी विज्ञान हवंच, शास्त्रज्ञ हुशार आणि मेहनती असतात, असं मुलं भरभरून लिहीत होती. प्रश्न स्वतःवर आला की तोच शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत कोंडलेला, घरादाराकडे लक्ष नसलेला, कंटाळवाणा माणूस व्हायचा. या अभ्यासानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, ४ ऑक्टोबरला, सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. आपल्याकडे शास्त्रज्ञ कमी पडणार ही अमेरिकेची धास्ती एकदम वाढली आणि मुलांना विज्ञान आवडतं का, हा राष्ट्रीय प्रश्न झाला. ‘विज्ञान चांगलं आहे’ आणि ‘विज्ञान माझ्यासाठी आहे’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत हे या निबंधांनी तेव्हाच दाखवलं होतं. पुढच्या कित्येक प्रश्नावल्यांनी मात्र ती दोन्ही एकाच बेरजेत घातली. या क्षेत्रातला सगळ्यात महागात पडलेला घोटाळा हाच, असं आमचं मत आहे.

बेरजेची सवय त्याही आधीची आहे. अभिवृत्ती, म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दल मनात असलेला अनुकूल किंवा प्रतिकूल कल, मोजता येते असा दावा लुई थर्स्टन यांनी १९२८ मध्ये केला. त्यांची पद्धत काटेकोर होती: एखाद्या विषयावरची पुष्कळ विधानं जमवायची, परीक्षकांकडून ती अतिप्रतिकूल ते अतिअनुकूल अशा ११ ढिगांत लावून घ्यायची, प्रत्येक विधानाचा मध्यक, म्हणजे परीक्षकांनी दिलेल्या स्थानांतलं मधलं स्थान, काढायचा आणि ज्या विधानावर परीक्षकांचं एकमत होत नाही ते टाकून द्यायचं. उत्तर देणाऱ्याने पटणाऱ्या विधानांवर खूण करायची आणि त्या विधानांच्या मूल्यांवरून त्याचा गुण काढायचा. हे सगळं फार वेळखाऊ होतं. १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट यांनी परीक्षकांची फौजच वगळली. पूर्ण सहमत, सहमत, अनिश्चित, असहमत, पूर्ण असहमत असे पाच पर्याय ठेवायचे, त्यांना ५ ते १ गुण द्यायचे आणि सरळ बेरीज करायची. एका तासिकेत अख्खा वर्ग उरकतो, म्हणून शाळांमध्ये हीच श्रेणी रुजली. पण बेरीज करण्यात एक गृहीतक दडलेलं असतं: सगळी विधानं एकच गोष्ट मोजतात. विज्ञानाच्या बाबतीत ते टिकत नाही.

हे उलगडायला वेळ लागला. १९६८ मध्ये ब्रिटनच्या डेन्टन समितीने वरच्या वर्गांत विज्ञानाकडे पाठ फिरवणाऱ्या विद्यार्थ्यांची दखल घेतली आणि प्रश्नावल्यांचं पीक आलं. १९७१ मध्ये लिओपोल्ड क्लॉप्फर यांनी विज्ञान शिक्षणाच्या भावनिक अंगाची सहा गटांत विभागणी केली. १९७५ मध्ये पॉल गार्डनर यांनी आणखी एक रेघ ओढली. विज्ञानाबद्दलची अभिवृत्ती वेगळी आणि वैज्ञानिक वृत्ती, म्हणजे पुरावा मागणं, मत बदलायची तयारी ठेवणं, वेगळी. विज्ञानाचा तास अजिबात न आवडणारं मूलही पुरावा मागणारं असू शकतं. आपल्याकडे वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं १९७६ पासून घटनेतल्या मूलभूत कर्तव्यांत आहे. त्यामुळे बी.एड., एम.एड.च्या प्रकल्पांत ही सरमिसळ सहज होते: शीर्षकात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि आत ‘मला विज्ञानाचा तास आवडतो’ अशी विधानं.

क्लॉप्फर यांच्या विभागणीवर ऑस्ट्रेलियातल्या बॅरी फ्रेझर यांनी जी चाचणी उभारली ती टोसरा या नावाने ओळखली जाते. १९८१ मध्ये तिची पुस्तिका निघाली आणि ती आजही वापरात आहे. सात उपश्रेणी, प्रत्येकीत १० विधानं, एकूण ७०. विज्ञानाचे सामाजिक परिणाम, शास्त्रज्ञ सर्वसामान्य माणसासारखे वाटतात का, चौकशी-प्रयोगाकडे पाहण्याची दृष्टी, वैज्ञानिक वृत्तीचा अंगीकार, विज्ञानाच्या तासातला आनंद, फावल्या वेळेतली आवड आणि विज्ञानातल्या करिअरची ओढ, असे हे सात भाग. विधानं आळीपाळीने येतात. करिअरची विधानं ७, १४, २१ अशा क्रमांकांवर असतात; त्यातली पाच अनुकूल, पाच प्रतिकूल. प्रतिकूल विधानांचे गुण उलटे मोजायचे, कोरं सोडलेलं किंवा दोन खुणा केलेलं विधान असेल तर ३ गुण द्यायचे. प्रत्येक उपश्रेणीचा गुण १० ते ५० मध्ये येतो आणि सात गुण सात वेगळ्या रकान्यांत ठेवायचे असतात.

आता करिअरच्या उपश्रेणीत एखाद्या मुलाला ३० गुण पडले असं समजू. हा ३० कुठकुठून येऊ शकतो ते पाहण्यासारखं आहे. मूल खरोखर अनिश्चित असेल तर दहाही विधानांवर ३, म्हणजे ३०. न वाचता सगळीकडे ‘सहमत’ला खूण केली असेल तर अनुकूल पाचांचे २० आणि उलटवलेल्या पाचांचे १०, पुन्हा ३०. पान उलटायचंच राहून गेलं असेल आणि सगळी विधानं कोरी असतील तरी नियमाप्रमाणे ३०. चौथा मार्ग सगळ्यात वाईट. शास्त्रज्ञ व्हायचं मनापासून ठरवलेलं मूल अनुकूल विधानांवर ‘पूर्ण सहमत’ आणि प्रतिकूल विधानांवर ‘पूर्ण असहमत’ म्हणतं. त्याचे गुण ५० व्हायला हवेत. माहिती भरणाऱ्याने प्रतिकूल विधानं उलटवली नाहीत, तर २५ आणि ५ मिळून ३०. विज्ञानाचा तिटकारा असलेल्या मुलाचेही त्याच चुकीने ३० होतात. आणि मग ‘विद्यार्थ्यांची अभिवृत्ती मध्यम स्वरूपाची आढळली’ असा निष्कर्ष लिहिला जातो.

म्हणून बेरजेआधी कच्च्या उत्तरपत्रिका बघाव्यात. सरळ एका रेषेत खुणा असलेल्या वेगळ्या काढाव्यात, कोऱ्या विधानांची संख्या नोंदवावी, आणि उलटवल्यानंतर प्रत्येक विधानाचा उरलेल्या बेरजेशी सहसंबंध, म्हणजे दोन्ही बरोबरीने वाढतात का, काढावा. तो ऋण आला तर ते विधान उलटवायचं राहिलंय किंवा मुलांना कळलेलं नाही. दुसरी शक्यता लहान वर्गांत फार मोठी असते. ‘मला शास्त्रज्ञ व्हायला आवडणार नाही’ याला ‘असहमत’ म्हणायचं म्हणजे दोन नकार एकत्र सांभाळायचे. पाचवी-सहावीतली बरीच मुलं तिथे अडखळतात. नकार क्रियापदात ठेवण्याऐवजी ‘विज्ञानाचा तास कंटाळवाणा असतो’ असं विधान केलं तर ही अडचण बरीच कमी होते.

साधनांची संख्या वाढली तशी दर्जाची खात्री वाढली नाही. १९७० मधली एक प्रसिद्ध वैज्ञानिक-अभिवृत्ती सूची तीस अभ्यासांत वापरली गेल्यावर ह्यू मन्बी यांनी १९८३ मध्ये तिच्यावर कितपत भरवसा ठेवावा, असा जाहीर प्रश्न केला. १९३५ ते २००५ या काळातल्या ६६ साधनांची २००८ मध्ये छाननी झाली, तेव्हा सप्रमाणतेचे, म्हणजे साधन जे मोजायचं तेच मोजतं याचे, पुरेसे पुरावे थोड्यांकडेच सापडले.

प्रश्नावली वाचता न येणाऱ्या मुलांसाठी वेगळी वाट डेव्हिड वेड चेंबर्स यांनी काढली: शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगायचं. १९६६ ते १९७७ या काळात जमवलेली ४,८०७ मुलांची चित्रं त्यांनी १९८३ मध्ये मांडली. पांढरा कोट, चष्मा, दाढीमिशा, उपकरणं, पुस्तकं-कपाटं, यंत्रं, ‘सापडलं!’सारखे शब्द, अशा सात खुणा ते मोजत. वरच्या इयत्तेत जावं तशा खुणा वाढत गेल्या. स्त्री शास्त्रज्ञ काढली ती फक्त २८ मुलींनी, आणि मुलग्यांपैकी एकानेही नाही. १९९५ मध्ये या चाचणीची तपासणी-यादी तयार झाली आणि वेगवेगळ्या परीक्षकांचे गुण ताडून पाहणं सोपं झालं. अमेरिकेतल्या पाच दशकांच्या ७८ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये आलं, त्यात चेंबर्स यांच्यानंतरच्या काळातल्या चित्रांपैकी सरासरी २८ टक्के चित्रं स्त्री शास्त्रज्ञांची होती. मात्र या चित्रांवरून ‘मुलाला असं वाटतं’ असं म्हणताना जपायला हवं. शास्त्रज्ञ ओळखू यावा म्हणूनही मूल कोट आणि चष्मा काढतं. एकाऐवजी दोन-तीन चित्रं मागावीत, आणि ‘हा माणूस काय करतोय?’ असं विचारून उत्तर चित्राच्या मागे लिहून घ्यावं.

देशादेशांची तुलना सुरू झाल्यावर नवं कोडं पुढे आलं. ऑस्लो विद्यापीठातल्या स्वेन शॉबर्ग आणि कॅमिला श्रायनर यांच्या रोझ प्रकल्पात सुमारे ४० देशांतली पंधरा वर्षांच्या आसपासची मुलं होती. भारतातून गुजरात आणि मुंबई इथली माहिती स्वतंत्रपणे मांडली गेली. तिथे प्रत्येक विधानापुढे उत्तरासाठी चार चौकटी होत्या, मधली तटस्थ चौकट नाही, फक्त दोन टोकांना शब्द. देश जितका विकसित, तितकी शालेय विज्ञानाची आणि शास्त्रज्ञ होण्याची ओढ कमी, असा स्पष्ट कल दिसला. नॉर्वे, जपान तळाला, आफ्रिका आणि दक्षिण आशियातले देश वर. शालेय गणित-विज्ञानाच्या टिम्स (TIMSS) या आंतरराष्ट्रीय चाचणीसारख्या चाचण्यांतही एकाच देशात आवड आणि गुण एकत्र वाढतात, देशांच्या सरासऱ्या ताडल्या की संबंध उलटतो. त्यामुळे दोन देशांच्या सरासऱ्या शेजारी ठेवून कुठली मुलं जास्त विज्ञानप्रेमी ते ठरवू नये. ज्या समाजात शिक्षण मिळणं हीच संधी आहे तिथलं ‘सहमत’ आणि जिथे अनेक वाटा खुल्या आहेत तिथलं ‘सहमत’ यांचं वजन सारखं नसतं.

करिअरच्या प्रश्नाला खरं बळ मिळालं ते २००६ मध्ये. रॉबर्ट ताय आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये आठवीत असलेल्या अमेरिकी मुलांची उत्तरं त्यांच्या पुढच्या पदव्यांशी जोडली. तिशीत आपण विज्ञानाच्या क्षेत्रात असू असं आठवीतच सांगणाऱ्यांनी भौतिक विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी घेण्याची शक्यता तसं न सांगणाऱ्यांच्या ३.४ पट निघाली. गणितात सरासरी पण विज्ञानाची अपेक्षा बाळगणाऱ्या मुलांत ती ३४ टक्के होती. गणितात उत्तम पण तशी अपेक्षा नसलेल्यांत १९ टक्के. इंग्लंडमध्ये लुईज आर्चर यांच्या गटाने २००९ पासून नऊ हजारांवर दहा-अकरा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करून पुढची वर्षं माग काढला. बहुतेकांना विज्ञान आवडत होतं, आईवडिलांनाही ते महत्त्वाचं वाटत होतं, तरी शास्त्रज्ञ व्हायचंय म्हणणारे जेमतेम १५ टक्के. कारण शोधताना घरात, नात्यात विज्ञानाशी संबंधित काम करणारं कुणी आहे का, घरी त्याबद्दल बोलणं होतं का, याकडे लक्ष गेलं आणि ‘विज्ञान भांडवल’ ही संकल्पना रुजली.

पिसा (PISA) ही पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी तिशीत कोणतं काम करत असाल, हे मोकळं विचारते आणि उत्तराला आंतरराष्ट्रीय व्यवसाय-वर्गीकरणाचा चार अंकी संकेतांक देते. २०१५ मध्ये सहभागी विकसित देशांत सरासरी २४ टक्के मुलांनी विज्ञानाशी निगडित काम लिहिलं. त्यात डॉक्टर, इंजिनीअर, संगणकतज्ज्ञ सगळे येतात, आणि मुलगे अभियांत्रिकीकडे, मुली आरोग्यसेवेकडे झुकलेल्या दिसतात. महाराष्ट्रात हीच पद्धत वापरताना जास्त काळजी लागते, कारण दहावीनंतर ‘सायन्स घेणं’ म्हणजे बहुतेक घरांत नीट, जेईई किंवा एमएचटी-सीईटीची तयारी. ‘तुला विज्ञानात करिअर करायचंय का?’ याला आलेल्या ‘हो’मध्ये सीईटीचा क्लास लावलेलं मूलही असतं आणि संशोधन करू इच्छिणारंही. म्हणून दोन स्वतंत्र प्रश्न ठेवावेत: अकरावीला कोणती शाखा, आणि तिशीत नेमकं कोणतं काम. दुसऱ्या प्रश्नाला पर्याय न देता मोकळी ओळ सोडावी. ‘इंजिनीअर’ एवढंच लिहिलं असेल तर कशाचा ते तिथेच विचारून घ्यावं. उत्तरांची वर्गवारी दोघांनी एकमेकांचं न पाहता करावी, आणि जिथे दोघांचे संकेतांक जुळत नाहीत त्या उत्तरपत्रिका बाजूला ठेवून एकत्र वाचाव्यात.