नाल्यातला युरिया आणि जंतांची अंडी

मे महिन्यात मराठवाड्यातल्या लहान नद्या आटलेल्या असतात, पण तालुक्याच्या गावाखालचा नाला वाहतच असतो. त्यात सगळं सांडपाणीच. काठावरचे शेतकरी त्यात मोटार टाकून मेथी, कोथिंबीर, घास पिकवतात. त्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात भर उन्हाळ्यात वाहणारं पाणी कोण सोडेल?

शिवाय त्यात खत आहे. घरगुती सांडपाण्यात लिटरमागे साधारण 40 मिलिग्रॅम नत्र असतं. म्हणजे 10 लाख लिटरमध्ये 40 किलो, जवळपास दोन गोण्या युरियाइतकं. नळाला माणशी रोज 135 लिटर पाणी धरलं आणि त्यातलं 80 टक्के गटारात गेलं, तर 25 हजार वस्तीच्या गावातून दिवसाला 27 लाख लिटर सांडपाणी निघतं. प्रत्यक्षात आपल्याकडच्या कितीतरी गावांत नळ चार-आठ दिवसांनी येतो. पाणी कमी होतं, पण माणशी घाण तेवढीच राहते, म्हणून आपलं सांडपाणी जास्त दाट असतं. मोठ्या शहरातल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा आराखडा इथे जसाच्या तसा आणला की हिशेब चुकतो.

घाण मोजतात ती बीओडीने, म्हणजे जिवाणूंना ती पचवायला किती प्राणवायू लागेल यावरून. कच्च्या सांडपाण्याची ही भूक लिटरला 250 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असते आणि उन्हाळ्यात स्वच्छ पाण्यातसुद्धा विरघळलेला प्राणवायू जेमतेम 7-8 मिलिग्रॅम. तो संपला की नाला काळा पडतो, कुजक्या अंड्यांसारखा वास सुटतो.

मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी 1914 साली सांडपाण्यात हवा सोडून जिवाणूंचा गाळ वाढवण्याची रीत मांडली. आजची बरीच केंद्रं त्याच तत्त्वावर चालतात. पण हवा सोडणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, रात्रंदिवस फिरावा लागतो. वीज गेली किंवा बिल थकलं की प्राणवायूवर जगणारे जिवाणू गुदमरतात. म्हणून नगरपालिकेकडे जागा असेल तर लहान गावाला शुद्धीकरणाचे तलावच योग्य, असं माझं ठाम मत आहे.

पहिला तलाव खोल, तीन ते पाच मीटर. तिथे प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू काम करतात आणि आपल्या उष्ण हवेत निम्म्याहून जास्त बीओडी दोन-तीन दिवसांत उतरते. पुढचे तलाव उथळ. त्यात शेवाळ वाढतं, उन्हात प्राणवायू सोडतं आणि जिवाणू तो वापरतात. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, त्यामुळे दुपारी पाण्याचा सामू (पीएच) 9 च्या वर जातो. कडक ऊन, भरपूर प्राणवायू आणि हा चढलेला सामू यांपुढे आतड्यातले रोगजंतू टिकत नाहीत. पाणी हिरवटच राहतं, पण शेताला त्याने काही बिघडत नाही.

शेतकऱ्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही. गोल जंताचं अंडं क्लोरीनने मरत नाही आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतं. चिखलात अनवाणी राबणाऱ्या बाईच्या हातांवरून, कच्च्या कोथिंबिरीवरून ते पोटात जातं. ते काढायचा सोपा मार्ग म्हणजे पाणी थांबवणं. अंडी जड असतात, तलावात आठ-दहा दिवस संथ पाणी मिळालं की तळाला बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्ये लिटरला जास्तीत जास्त एक अंडं ही मर्यादा सुचवली होती. नगरपालिका फक्त बीओडीचा आकडा दाखवत असेल, तर शेतकऱ्यांनी अंड्यांचाही मागावा. तळाचा गाळ काही वर्षांनी उपसावा लागतो. त्यात हीच अंडी साठलेली असतात, म्हणून तो ओला शेतात टाकायचा नाही.

क्षार मात्र यातल्या कोणत्याच रीतीने जात नाहीत. बोअरचं जड पाणी, त्यात साबण आणि सोडा. आपल्या काळ्या मातीत निचरा कमी, त्यामुळे सोडियम साचून रान चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक, होऊ शकतं. निचऱ्याचे चर काढावेत, दरवर्षी माती तपासून घ्यावी आणि विहिरीला गोडं पाणी असेल तेव्हा आलटून पालटून तेही द्यावं.