‘संस्था काढायची आहे’ म्हणून येण्याआधी

आम्ही संस्था-कंपन्यांच्या नोंदणीची कामं करून देतो. आठवड्यातून चार-पाच वेळा तरी कोणीतरी दारातूनच विचारतं, “भाऊ, संस्था काढाची हाये, किती लागतीन?” पाचशे लागतील की पंचवीस हजार, हे आम्हाला तिथल्या तिथे सांगता येत नाही. लोकांना वाटतं आम्ही भाव लपवतो. म्हणून हा कागद छापला.

आपल्याकडे शाळा चालवणारी ती संस्था, सेवा सोसायटी ती संस्था, दुर्गोत्सव मंडळ ती संस्था आणि बायांचा बचत गट तीही संस्थाच. कायद्याच्या लेखी मात्र ही वेगवेगळी घरं आहेत. शाळेच्या संस्थेची आणि मंडळाची नोंद धर्मादाय कार्यालयात होते, सोसायटीची सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे आणि कंपनी काढली तर तिची कंपनी निबंधकाकडे. बचत गटाला नोंदणीच लागत नाही. दहा ते वीस बाया, नियमित बचत आणि ठरावाची वही एवढ्यावर बँकेत खातं उघडतं. नाबार्डने १९९२ मध्ये गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून हे असंच चालू आहे.

म्हणून आम्ही पहिला प्रश्न विचारतो: मार्चअखेर पन्नास हजार उरले, तर ते कोणाचे?

यावर बहुतेक मंडळी एकमेकांकडे पाहतात. काही चिडतात, “आधी नाव तं बुक करा!” पण नेमकं इथेच लोकांचं वर्ष-दोन वर्षं वाया जातं. एका गावातल्या बारा जणांनी डाळमिल टाकायची म्हणून मंडळ नोंदवलं. मंडळ माहितीचं, सात सभासदांत होतं, खर्चही कमी. अध्यक्ष-सचिव ठरले, लेटरपॅड छापलं, वर्गणी करून मिलसाठी जागाही मंडळाच्याच नावाने घेतली. पहिल्या तुरीच्या हंगामात नफा झाला आणि वाटा मागायला सगळे बसले, तेव्हा आमच्याकडे आले. मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवलं, की आपल्या राज्यात त्याची १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. त्यातला पैसा उद्देशासाठी असतो, सभासदांना वाटता येत नाही. जागा विकून मोकळं व्हावं, तर त्यालाही धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. मंडळाची कंपनी करून देता का, असं त्यांनी विचारलं. तसं सहज होत नाही. शेवटी नवी कंपनी काढली. जागा मात्र अजून मंडळाच्याच नावावर आहे.

नफा वाटूनच घ्यायचा असेल, तर दोघा-तिघा भावांना भागीदारी पुरते. भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नसलेल्या फर्मला व्यापाऱ्याकडे अडकलेल्या पैशासाठी दावा लावता येत नाही. शिवाय फर्मचं कर्ज थकलं, तर ते भागीदाराच्या घरावर-वावरावर येऊ शकतं. हे लोकांना सही केल्यावर कळतं, म्हणून आम्ही आधी सांगतो.

दहा-वीस कास्तकार मिळून माल विकणार असतील, तर सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी. सहकारी संस्थेत नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि लाभांश साधारणपणे १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. उत्पादक कंपनीला किमान दहा उत्पादक आणि पाच संचालक लागतात. तिथे ज्याने जास्त कापूस-सोयाबीन घातलं, त्याला त्या प्रमाणात बोनस देता येतो. आमच्या मते बहुतेक गटांना हेच हवं असतं, फक्त त्यांना त्याचं नाव माहीत नसतं. मत मात्र दोन्हीकडे माणशी एकच. लाख घालणाऱ्यालाही एक, हजार घालणाऱ्यालाही एक. जास्त पैसा लावणाऱ्याला हे आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच आमसभेत भांडण ठरलेलं.

गडचिरोलीकडून बांबू-तेंदूसाठी विचारायला येणाऱ्यांना आम्ही बऱ्याचदा परत पाठवतो. सामूहिक वनहक्क मिळालेली ग्रामसभा स्वतःच बांबू-तेंदू विकू शकते. त्यासाठी वेगळी संस्था काढून आम्हाला पैसे द्यायची गरज नाही.

कंपनी काढणाऱ्यांना एकच ताकीद: काढणं सोपं, पोसणं अवघड. वर्षाचा ताळेबंद आणि वार्षिक विवरण ही दोन पत्रकं वेळेत भरली नाहीत, तर दर पत्रकामागे दिवसाला १०० रुपये जादा फी लागते. दोन्ही वर्षभर राहिली तर ७३,००० रुपये. सलग तीन वर्षं भरली नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतात. आमचं वार्षिक कामाचं पॅकेज याच भीतीपोटी सुरू केलं. घ्याच असं नाही, पण कोणाकडून तरी करून घ्या.

“दुसरीकडे आठ दिवसांत करून देतात,” असंही ऐकतो. देत असतील. आम्ही पहिल्या भेटीत कागद घेतच नाही. अर्धा तास बसतो, त्याचे पैसे नाहीत. एका कोऱ्या पानावर चार गोष्टी तुमच्याच हाताने लिहून घेतो: काम काय करणार, पैसा कोण घालणार, उरलेला कोणाचा आणि मोडायची वेळ आली तर काय. खाली सगळ्यांच्या सह्या. पुढे वाद झाला की हेच पान उपयोगी पडतं. त्यानंतरच आधार आणि पॅन आणा, आणि आणण्याआधी दोन्हींवरची नावं जुळतात का ते घरीच पाहा. एकावर ‘बाई’ आणि दुसऱ्यावर नुसतं नाव, एवढ्यावरून अर्ज परत येतो.

जुनी मंडळं असतील तर परिशिष्ट एकची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या मंडळाच्या नोंदीची, नक्कल काढून पाहा. कित्येकांवर अजून वारलेल्या आजोबांचीच नावं विश्वस्त म्हणून आहेत. विश्वस्त बदलले की बदल अर्ज नव्वद दिवसांत द्यायचा असतो. राहून गेला असेल तर तेही काम आम्ही करतो, फक्त बाजाराच्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी बसायला खुर्ची नसते.