बटुग्रहांचे वर्गीकरण (अवकाश-सिम्युलेशन गेम)

अवकाश-सिम्युलेशन गेममधल्या एखाद्या गोलाला ‘ग्रह’ म्हणायचे की ‘बटुग्रह’, हे ठरवण्याची रीत. मूळ व्याख्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे मंजूर केली. सूर्याभोवती फिरणारा, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळपास गोल झालेला, कोणाचा उपग्रह नसलेला, पण आपल्या कक्षेचा परिसर मोकळा न केलेला (म्हणजे आसपासचे इतर पिंड दूर न सारलेला) पिंड म्हणजे बटुग्रह. सेरेस, प्लूटो, हौमिया, माकेमाके आणि एरिस हे पाच मान्य आहेत.

गोलाईची अट गेमला सोपी वाटते: व्यास अमुक आकड्यापुढे गेला की झाला गोल. पण शनीचा बर्फाळ उपग्रह मिमास सुमारे ३९६ किमीचा असून गोल आहे, आणि खडकाळ लघुग्रह व्हेस्टा सुमारे ५२५ किमीचा असून ओबडधोबड. पिंड कशाचा बनला आहे ते न पाहता नुसता व्यास मोजणारा गेम इथे फसतो. कक्षेची अट त्याहून किचकट, कारण ती पिंडाकडे पाहून कळत नाही. शेजारी कोण कोण आहेत ते मोजावे लागते. केर्बल स्पेस प्रोग्राम या गेमने ही कटकट विनोदावर नेली. त्यातला ईलू नावाचा पिंड प्लूटोसारखा लंबवर्तुळाकार कक्षेतून फिरतो आणि तो ग्रह आहे की नाही यावरचा वाद त्याच्या वर्णनातच लिहून ठेवला आहे.

सेलेस्टिया हा २००१ पासूनचा मोफत सिम्युलेटर. खेळ म्हणावा असे त्यात थोडेच, पण इंटरनेट नसले तरी चालतो, त्यामुळे रेंज दगा देणाऱ्या गावात तो जास्त कामाचा. हरभऱ्याला रात्री ओलीत करताना विदर्भातल्या वावरातून शनी, तो आभाळात असेल तेव्हा, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. सेरेस दिसायला दुर्बीण लागते आणि प्लूटोला चांगली मोठी. २००६ च्या आधी शाळा शिकलेल्या माणसाच्या डोक्यात ग्रह नऊच असतात. “प्लूटोले काऊन काढलं बा?” हा प्रश्न म्हणून घरोघरी निघतो.

सेलेस्टियात याचे उत्तर एका साध्या मजकूर-फाइलमध्ये सापडते. पिंडाच्या नावाखाली ‘क्लास’ (Class, म्हणजे वर्ग) अशी एक ओळ असते. प्लूटोच्या त्या ओळीतला ‘dwarfplanet’ (बटुग्रह) हा शब्द खोडून ‘planet’ (ग्रह) लिहिला की पडद्यावर तो ग्रहांच्या नावांत दिसू लागतो. कक्षा मात्र तसूभरही हलत नाही. सातबारावर फेरफार झाला म्हणून वावर थोडेच सरकते! सेरेसच्या नावावर तर असे तीन फेरफार झाले: १८०१ मध्ये सापडल्यावर ग्रह, पुढे लघुग्रह, २००६ नंतर बटुग्रह.

प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल केला की मूळ फाइल परत येते आणि प्लूटो पुन्हा बटुग्रहांत जाऊन बसतो.